पृष्ठे दोनशे बारा ते दोनशे पंधरा

अन्वयसरांचे खरे नाव हजेरीपटाबाहेर फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. छत्तीस वर्षे त्यांनी एकाच शाळेत प्राचीन काव्य शिकवले. श्लोक फळ्यावर लिहून झाला की खडू खाली ठेवून ते एकच वाक्य म्हणत, "आता अन्वय लावा." कर्ता कोठे, क्रिया कोठे, कोणते विशेषण कोणाचे, हे विखुरलेले शब्द ओळीत बसवून घेतल्यावाचून ते अर्थाला हात घालू देत नसत. मुलांनी त्यांचेच नाव अन्वय ठेवले आणि पुढे ते सहशिक्षकांनीही उचलले.

आता शाळा सुटून बारा वर्षे झाली होती आणि पत्नीला जाऊन तीन. स्वयंपाकघरातल्या चौकोनी मेजाला दोन खुर्च्या होत्या. त्यांतली एक सर रोज पुसत असत, पण तिच्यावर कधी बसत नसत.

दूरदेशी असलेल्या लेकीने संगणक बसवून दिला, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, सगळं जग आहे यात."

"जगाचं राहू दे. ग्रंथ आहेत का?"

"आहेत की. आणि फुकट!"

सरांना तो शब्द रुचला नाही. ज्ञानाला त्यांच्या लेखी तो शोभत नव्हता. पण वर्षभरात त्यांनी अशी मुक्तद्वार ग्रंथालये एकामागून एक धुंडाळली. कोठे जुन्या आवृत्त्यांची छायाचित्रे होती, कोठे कोश, कोठे वृत्तांचे पठण, कोठे कुणी परदेशस्थ अभ्यासकाने ठेवलेली व्याख्याने. त्यांनी या सर्वांची यादी केली आणि उत्तरपत्रिका तपासताना द्यावेत तसे शेरे दिले. "मुद्रण स्वच्छ, टीपा बेभरवशाच्या." "पठण मधुर, यतिभंग दोन ठिकाणी." "कोश उत्तम. विद्यार्थ्यास निःशंक सांगावा." यादी एका जुन्या विद्यार्थ्याने पुढे पाठवली, त्याने आणखी कुणाला, आणि पाहता पाहता गावोगावचे शिक्षक तिच्यावरून धडे आखू लागले. दिवसाकाठी एखादे पत्र येई. सर त्याला सविस्तर उत्तर लिहीत. घरात मनुष्याशी बोलण्याची तेवढीच वेळ होती.

यादीत सातव्या क्रमांकावर त्यांच्या गुरूंनी संपादिलेले, सटीक काव्य होते. ते त्यांनी जन्मभर शिकवले होते. त्यापुढचा शेरा एकाच शब्दाचा होता: "पूर्ण."

त्या शब्दावरच एका तरुण अध्यापिकेचे पत्र आले.

"सर, आपली यादी नसती तर मी हा विषय घेतलाच नसता. येत्या सोमवारी आठवा सर्ग शिकवायचा आहे. पण क्रमांक सातच्या प्रतीत पृष्ठ २११ नंतर एकदम २१६ येतं. चौदा श्लोक नाहीत. नुसते श्लोक दुसरीकडे मिळाले, पण टीका कुठेच नाही, आणि टीकेवाचून मला धीर होत नाही. आपण पूर्ण असं लिहिलंय, म्हणजे माझंच काही चुकत असेल का?"

सरांनी संगणकावर तो ग्रंथ उघडला. दोनशे अकरा. पुढचे पान उलटले. दोनशे सोळा. आणि त्यांना काहीच खटकले नाही. त्यांनी पुन्हा मागे जाऊन पाहिले, आकडे बोटाने मोजले, तेव्हा कोठे चार पानांची फट दिसली. हा ग्रंथ त्यांनी गेल्या वर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला होता. छत्तीस वर्षे त्यांची नजर दोनशे अकरावरून थेट दोनशे सोळावर उडी घेत आली होती आणि तिला ते अंतर ठाऊकच उरले नव्हते.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस शाळेचा गोल शिक्का होता. दोनशे अकराच्या कडेला तपकिरी, लहरी डाग होता. तो डाग खळीचा होता. ती पाने त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. मुख्याध्यापकांनी एका चिठोऱ्यावर श्लोकांचे आकडे लिहून दिले आणि वर्गाच्या तीसही प्रती घरी पाठवल्या. विचारायचे धैर्य सरांना नव्हते. शिवाय गुरूंनाही हेच रुचले असते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. विद्यार्थिदशेत आठवा सर्ग लागला तेव्हा गुरू आजारी होते, आणि तो भाग सरांनी टीकेवाचून, परीक्षेपुरता नजरेखालून घातला होता. पिठाची खळ पत्नीनेच शिजवून दिली. नवी नवरी, ढवळता ढवळता विचारती झाली, "काय चिकटवताय एवढं?"

"मुलांच्या डोळ्यांपुढे नको ते."

"मग माझ्या डोळ्यांपुढे आणा! मी काय मूल आहे?"

"तुला ती भाषा कुठे येते?"

"तुम्हाला येते ना? अर्थ सांगा."

"सांगेन. नंतर."

ते नंतर पुढे कधी आले नाही. तिने मात्र दोन-तीनदा हसत हसत आठवण दिली होती: "आमची चार पानं राहिलीत हं अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शाळेत गेले. ग्रंथालय जिन्याखालच्या खोलीत हलले होते. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"सर! बसा, बसा. अन्वय लावायला सांगू नका फक्त."

"तू कोणत्या वर्षीची?"

"मागच्या बाकावरची. वर्ष काय विचारता!"

सरांनी येण्याचे कारण सांगितले. बाई कपाटाशी गेल्या. तीस प्रतींपैकी एकच उरली होती. बाकीच्या वाळवीने आणि रद्दीने नेल्या होत्या. छायाचित्रे घेणारे लोक आले तेव्हाही हीच दिली होती. "त्यांना काय कळणार? उलटेल ते पान टिपलं, झालं."

पुस्तक हाती देताना त्या थोड्या घुटमळल्या. "सर, रागावणार नसाल तर सांगते. ही पानं आम्ही खिडकीत उन्हाला धरून वाचायचो."

"काय सांगतेस!"

"चारी पानांची अक्षरं एकात एक. डोळे फुटायची वेळ आली, पण अक्षर लागलं नाही. आम्हाला वाटायचं, काय भयंकर असेल आत!"

सर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मग म्हणाले, "चहाची किटली आहे का?"

किटलीच्या चोचीतून निघणाऱ्या वाफेवर ते पानांची कड धरून उभे राहिले. बाईंनी बोथट सुरी आणली. खळ जुनी होती, पण शिजवणारीचा हात चांगला होता. ती सहजी सुटेना. सर बोटभर सुरी सरकवत, थांबत, पुन्हा वाफ देत. दुपारपर्यंत चारही पृष्ठे मोकळी झाली. एका ठिकाणी शाई समोरच्या पानाने ओढून घेतली होती. तेवढी ओळ उलटी उमटली होती. बाईंनी आपल्या पिशवीतला लहान आरसा पुढे केला आणि सरांनी ती आरशात वाचली.

आत भयंकर काहीच नव्हते. प्रवासाहून परतलेल्या पतीचे केस पत्नी धुते, पुसते, विंचरते. तो तिच्याकडे पाठ करून बसलेला. दोघेही बोलत नाहीत. एका श्लोकात ती त्याच्या मानेवरचा पाण्याचा थेंब बोटाने अडवते, आणि कवी तेथे एवढा रेंगाळला आहे की पुढच्या तीन श्लोकांत तो थेंब सुकतही नाही.

खाली गुरूंची टीका होती. तिच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिले होते: "अध्यापकाने हे श्लोक गाळू नयेत. संकोचावाचून ते शिकवता येणे, हीच त्याची परीक्षा होय."

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा वाचली.

"बरं नाही का वाटत, सर?" बाईंनी विचारले.

"नापास झालो," ते म्हणाले. "फोटो काढून देशील का चारही पानांचे?"

घरी येऊन त्यांनी अध्यापिकेला लिहिले: "चूक आपली नाही. ही पाने मी स्वतः चिकटवली होती, आणि नीट न वाचता. माझा 'पूर्ण' हा शेरा खोटा होता. पाने सोबत आहेत. टीकेचे शेवटचे वाक्य आधी वाचावे." मग यादीतला सातवा शेरा खोडून तेथेही तेच लिहिले, आपल्या नावानिशी. या यादीखेरीज त्यांची ओळख ठेवणारे आता दुसरे काही नव्हते. मग त्या मुक्तद्वार ग्रंथालयाच्या चालकांकडे चारही पाने रवाना केली.

तीन दिवस कोणाचेच पत्र आले नाही. लेकीचा फोन तेवढा आला.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"खोटं. आवाजावरून कळतं. काय झालं?"

"काही नाही गं. जुनी पानं सुटी करत होतो."

"एकटे बसू नका हो असे."

"नाही बसत," ते म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिले.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आले. "तास झाला, सर. वर्ग गप्प होता, पण चांगला गप्प. मी आपली कहाणी सांगितली; क्षमा असावी. शेवटी एका मुलीनं विचारलं, ते पानं चिकटवणारे सर आता कसे आहेत? त्यांना कुणी अर्थ सांगितला का? तो प्रश्न आपल्याकडेच पाठवते."

पत्र वाचून सर उठले. त्यांनी फोटोंवरून छापून घेतलेले चार पानांचे कागद उचलले आणि ते स्वयंपाकघरात आले. रिकामी खुर्ची थोडी मागे ओढली, जसे कुणाला बसायला ओढावे. मग घसा खाकरून पहिला श्लोक म्हटला, आणि या वेळी अन्वय न लावताच, साध्या बोलीत, सावकाश अर्थ सांगायला सुरुवात केली.

"तो प्रवासाहून आलाय बरं का. दमलाय. ती काही विचारत नाही…"

तिसरा श्लोक संपला. थेंब मानेवर येऊन थांबला होता. येथे पत्नीने हमखास म्हटले असते, "मग?"

सर तेवढ्यापुरते थांबले. नळाचे पाणी टिपटिपत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि चौथा श्लोक घेतला.