विरोधात दोनशे बारा

सहादूने हात वर केला आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. अंबडच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भागधारकांची सभा चालू होती. ठराव एकच होता: यंत्रं परराज्यात हलवायची, नाशिकचा हा कारखाना बंद करायचा. सहादूच्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. त्र्याण्णव साली कंपनीने प्रत्येक कामगाराला पन्नास शेअर दिले होते. त्याच हक्काने आज, सहा वर्षांनी, सगळे इथे येऊन बसले होते.

"बाजूने नऊ," ऑफिसातल्या मनीषाने मोजून सांगितलं. "विरोधात दोनशे बारा."

टाळ्या पडल्या. शेजारच्या लेथवरचा वाल्मीक सहादूच्या पाठीवर थाप मारत म्हणाला,

"जिंकलो, गड्या! चहा तुझ्याकडं."

तेवढ्यात बाजूने हात वर केलेल्यांपैकी पहिल्या रांगेतले एक सफारीवाले गृहस्थ उठले, अध्यक्षांशी दोन वाक्यं बोलले आणि परत बसले. मनीषा चिठ्ठ्या वाटत आली.

"आता परत काय, ताई? मोजलं ना मघाशी?" सहादूने विचारलं.

"मघाशी माणसं मोजली, काका. त्यांनी मतदान मागितलंय. आता शेअर मोजायचे. तुमचे किती ते लिहा आणि खाली खूण करा."

सहादूने ५० लिहिलं. थोडं थांबून अक्षरीही लिहिलं.

तासाभराने निकाल कॅन्टीनच्या मेनूच्या फळ्यावर आला, मंगळवारच्या उसळीच्या खाली. विरोधात दहा हजार सहाशे. बाजूने एकेचाळीस लाख.

"अहो, ही नऊ माणसं कितीदा मोजली?" वाल्मीक ओरडला.

सफारीवाले केव्हाच निघून गेले होते. कामगार मात्र अजून एक मोजणी बाकी असल्यासारखे बसून राहिले.

मनीषा ऑफिसातून परत आली, ती सरळ सहादूपाशी.

"मुंबईहून फोन आला, काका. शेअर अकरा रुपयांनी चढला."

"कोणाचा?"

"आपलाच. तुमचेही पन्नास आहेत ना."

"आज कशामुळं?"

"कारखाना बंद होतोय, म्हणून."

"काय शेठ!" वाल्मीक म्हणाला. "बसल्या जागी साडेपाचशे सुटले की!" तो हसायला लागला आणि मध्येच थांबला.

सहादूने मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर होता. त्याने पुन्हा केला.

"अन् ताई, चालू राहिला असता तर?"

मनीषा खाली पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तर उतरला असता, काका."