तीस मोजेपर्यंत

वनिता घरतने मोबाइलवरची फोटोच्या उजेडाची पट्टी एक घर खाली ओढली, तसा मिठागरावरचा उजेड कमी झाला. सकाळचे दहा वाजले होते. लांबच्या वाफ्यातले बगळे राखाडी पडले. तिने पट्टी वर सरकवली, ते पुन्हा पांढरे झाले. पेणला बारा वर्षं फोटो स्टुडिओ चालवूनही असं तिने कधी पाहिलं नव्हतं. पण हातात काम होतं, म्हणून ती त्यावर फारसा विचार करत बसली नाही.

फोटो घरचाच होता. परवा बाबांना मुंबईच्या इस्पितळात न्यायचं होतं, आणि डॉक्टरांचं बोलणं काही बरं नव्हतं. त्याआधी बाबा, धाकटा भाऊ कैलास आणि ती, असा तिघांचा एक तरी फोटो तिला हवा होता. म्हणून तिने कॅमेरा समोरच्या वाफ्यात ट्रायपॉडवर पक्का बसवला आणि त्याला जोडलेला मोबाइल घेऊन ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

बाबा खोपीच्या सावलीत खाटेवर बसले होते. ऊन त्यांना सोसवत नसे. कैलास वीस पावलांवर, बांधावर, भर उन्हात उभा होता. आई गेली तेव्हा तो जहाजावर होता आणि पोचला नवव्या दिवशी. "या खोपीत परत पाऊल टाकू नकोस," असं बाबांनी त्याला तेव्हा बजावलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. आजही तो ताईच्या शब्दाखातर आला होता, तोही बांधापर्यंतच.

कैलासचा चेहरा नीट दिसावा म्हणून वनिताने उजेड उतरवला. खोपीतली सावली दाट झाली. आधी खाटेचे पाय गेले, मग बाबांचे.

"बाबा, आहात ना?"

"आहे. पण माझा हात मला दिसत नाही," बाबा म्हणाले. आवाज विहिरीतून यावा तसा आला.

तिने घाईने उजेड चढवला. बाबा परत आले. बनियन, दाढीचे खुंट, सगळं स्वच्छ दिसू लागलं. पण बांधावर कैलासचा शर्ट मिठाच्या राशीत मिसळून गेला होता.

"ताई, माझ्या चपला कुठायत?"

"पायातच असतील."

"पाय कुठायत?"

तिने पट्टी मधोमध आणली. आता बाबांना डोळे नव्हते आणि कैलासला कपाळ. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. प्रत्येक खेपेला दोघंही थोडे कमीच परत येत होते. कैलासचा डावा कान आलाच नाही.

"कैलास, सावलीत ये. पाया पडते तुझ्या."

"त्यांनी बोलवू दे."

"बाबा, बोलवा ना त्याला."

"कुणाला?" बाबांनी मान पुढे काढली. "मला तर तिकडे नुसतं मीठ दिसतंय."

तिने मोबाइल कॅमेऱ्यापासून तोडायचं ठरवलं. बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं आली : जोडणी तोडल्यास आत्ताचा उजेड कायम राहील. तिने ती दोनदा वाचली आणि अंगठा मागे घेतला. मिठावर नुसतं उभं राहून तिचे तळवे चुरचुरू लागले होते.

तेवढ्यात खाडीवरून ढग आला. ऊन आणि सावली एकाच रंगाची झाली, आणि दोघंही बाप-लेक पुरते दिसू लागले, फक्त तो कान सोडून. ढग लहान होता. वनिताने घाई केली. एक जवळ, एक लांब, दोघंही रेखीव यायचे तर भिंगाचं छिद्र बारीक करायला हवं होतं. ते केल्यावर, दिवसाढवळ्या कधी होत नाही तसा, उजेड पुरेना, म्हणून शटर तीस सेकंद उघडं ठेवावं लागलं. तीस सेकंदांत जे स्थिर राहतं ते फोटोत येतं, जे चालतं त्याचा मागमूसही राहत नाही. देवळासमोरची गर्दी तिने कितीदा अशीच पुसून काढली होती.

"तीस मोजेपर्यंत कुणी हलू नका," ती म्हणाली आणि तिने शटर उघडलं.

मोजणी चारवर आली तेव्हा बाबांनी खाटेच्या काठावर हात टेकला.

"कैल्या," ते म्हणाले. ही हाक अकरा वर्षांत कुणी ऐकली नव्हती. "चुकलं रे माझं. ये इकडे."

कैलास बांधावरून खाली उतरला. बाबाही उठले, आधाराशिवाय, आणि त्याच्याकडे चालू लागले. सातवर बनियनमधून मागची खोपीची कुडाची भिंत दिसायला लागली. कैलास धावत होता, पण त्याच्या पायांखाली मीठ वाजत नव्हतं.

ओरडायला वनिताचे ओठ उघडत होते, तेवढ्यात तिला स्वतःची हनुवटी विरळ झाल्यासारखी वाटली. तिने तोंड मिटलं. शटर मधेच थांबवलं तर सगळं काळोखात अर्धवट राहणार होतं. अंगठा बटणापासून एका केसाच्या अंतरावर थांबला होता.

चौदावर दोघांनी तिच्यासमोरच एकमेकांकडे हात पुढे केले. त्या हातांतून तिला पलीकडची मिठाची रास दिसत होती, खडा न् खडा.