सतरा नंबरची मॅडम

मॅग्डलीन वाकून इयानच्या गालावरची काजळाची हाडं पुन्हा रेखत होती. घरातून निघताना हॅलोविनसाठी सांगाड्याचा चेहरा छान जमला होता, पण कंपाउंडच्या स्विमिंग पूलपर्यंत येईतो घामाने एक गाल पुसला गेला. ऑक्टोबर संपत आला होता, तरी आखातातल्या जनाबियाची संध्याकाळ अंगाला चिकटत होती. बाबागाडीत तीन वर्षांची वेन्डी मांजराचे कान लावून झोपली होती.

"हलू नको रे."

"हरी अप! एव्हरीबडी इज गोइंग!" पाच वर्षांचा इयान पाय आपटत म्हणाला.

चेटकिणीची टोपी घातलेली एक गोरी बाई मुलांना गोळा करत त्यांच्यापाशी आली.

"किती गोड दिसतोय! कोणत्या व्हिलातला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"सतरा नंबर."

"त्याच्या आईला सांग, मेकअप मस्त केलाय. आम्ही नेतो याला घरोघरी चॉकलेटं मागायला. बाकीच्या नॅनी तिकडे बाकांवर आहेत, तूही बस."

मॅग्डलीनने तोंड उघडलं. पण इयान केव्हाच त्या बाईचा हात धरून पुढे निघाला होता. मॅग्डलीनने आपल्या जुन्या ड्रेसवर सांडलेली टाल्कम पावडर झटकली आणि बाबागाडी बाकांकडे वळवली.

नवऱ्याला, व्हॅलेरियनला, बढती मिळाली तेव्हा हूऱ्यातला फ्लॅट सोडून ते इथे आले. हूऱ्यात दारं उघडी असत. समोरची मल्याळी बाई चटणी वाटायला मिक्सर मागायला यायची आणि तासभर बसायची. इथे प्रत्येक घराला स्वतःची भिंत होती. व्हॅलेरियन झल्लाकच्या रिसॉर्टमध्ये रेस्टॉरंट सांभाळायचा. आज तिथेही हॅलोविनचं जेवण होतं, त्यामुळे तो मुलं झोपल्यावरच येणार होता.

वेन्डी झोपेत चुळबुळली.

"घामाने न्हाली माझी बाय," मॅग्डलीन पुटपुटली आणि तिने वेन्डीचे मांजराचे कान काढून ठेवले.

"अगो बाय! मराठी?" शेजारच्या बाकावरची ओढणीवाली बाई सरकून जवळ आली. "कुठची गो तू?"

"वसईची."

"मी आतिका. दापोलीकडची. दोन वर्षं झाली बारा नंबरात कामाला, मराठीत बोलायला माणूस नाय मिळाला."

तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. चहात आलं होतं, साखर भरपूर होती. मॅग्डलीनने दोन्ही हातांनी झाकण धरलं. किती दिवसांनी तिला कोणी आयता चहा दिला होता.

आतिकाची मुलगी दापोलीला बहिणीकडे होती, इयानच्याच वयाची. आतिकाने मोबाइलवर तिचे फोटो दाखवले. दोघी त्या पोरीच्या पडलेल्या दातावरून हसल्या.

"तुझी मॅडम कशी आहे?" आतिकाने विचारलं.

मॅग्डलीनने चहाचा घोट घेतला.

"बरी आहे. बोलत नाही फारशी."

"घमेंड?"

"नाही. बोलायला कोणी नसतं. मुलं इंग्रजीत बोलतात, साहेब दमून येतात. दिवसभर घर आवरत बसते. आवरलेलंच पुन्हा आवरते."

"मग बिचारीच म्हणायची." आतिका चुकचुकली. "तू बोलत जा गो तिच्याशी. येवढ्या मोठ्या घरात माणूस येडं होईल."

मॅग्डलीनने मान हलवली. मशिदीतून संध्याकाळची अजान सुरू झाली. आतिकाने ओढणी डोक्यावर घेऊन मान खाली घातली, तसं मॅग्डलीनला तोंड फिरवून डोळे टिपता आले.

अजान संपते न संपते तोच मुलं ओरडत परतली. इयान सगळ्यांच्या पुढे होता.

"ममा, लुक! आय गॉट सो मेनी!" त्याने वितळून लिबलिबीत झालेली चॉकलेटं तिच्या मांडीवर ओतली. "ममा, कॅन वी सेव्ह वन फॉर डॅडा?"

थर्मास बंद करणारा आतिकाचा हात थांबला. तिने इयानकडे पाहिलं, मग मॅग्डलीनकडे. ओढणी सारखी करत ती उठली.

"माफ करा हां, मॅडम. मला ठाऊक नव्हतं. काय काय बोलून गेले मी."

"अगं, बस ना. आतिका, बस."

"नको मॅडम. तुम्ही बसा."

मॅग्डलीनही उठली, तशी मांडीवरची चॉकलेटं खाली पडली. आतिका चटकन वाकून ती वेचू लागली. मॅग्डलीनने तिचा हात धरला, तर तो तिने हळूच सोडवून घेतला.

वटवाघळं बनलेली बारा नंबरची जुळी पोरं आतिकाच्या ओढणीला लोंबकळू लागली. तिने त्यांची तोंडं पुसली, पंख काढून पिशवीत घातले.

"सकाळी इयान शाळेत असतो," मॅग्डलीन घाईने म्हणाली. "सतरा नंबर. चहाला ये. नक्की ये."

आतिका हसली. मघाचं हसू नव्हतं ते.

"इंशाल्ला, मॅडम," ती म्हणाली आणि मुलांना घेऊन निघाली.

या देशात आल्यापासून मॅग्डलीनने हा शब्द होकारासाठी ऐकला होता आणि नकारासाठीही.