शहाण्णव सेंटिमीटर

लोखंडी सामानाच्या दुकानात पलीकडच्या बोट-कारखान्याच्या मालकाने मिस्त्रींच्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय, जमलं का रबराचं?" आणि शेजारी खिळे निवडत उभ्या असलेल्या मिस्त्रींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

रबराचं या माणसाला कसं कळलं?

मिस्त्री चाळीस वर्षं लहान होड्या बांधत होते. यंदा तळ्यात पाणगवत इतकं माजलं होतं की मोटारबोटीचा पंखा दहा मिनिटांत त्यात गुरफटून बंद पडे. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना आठवड्यातून चारदा बेटांवर जावं लागायचं. त्या येऊन म्हणाल्या, "मला गवतातून जाणारी बोट द्या. आणि आवाज नको, शेळ्या बिथरतात." मिस्त्रींनी सपाट तळाची होडी योजली, मागच्या अर्ध्या भागात खालून दोन लांब पन्हळी असलेली, गुडघाभर पाण्यातही तरंगेल अशी. जावयाने पंखाच काढून टाकला. पन्हळींत दोन रबरी पाती बसवायची, मुळाशी जाड, टोकाशी पातळ, माशाच्या शेपटीसारखी. वर बसून आळीपाळीने पायडल दाबायचे, पाती डावी-उजवी हलतात आणि गवत आपोआप निसटून जातं. ऐकून मिस्त्रींना जावयाला मिठी मारावीशी वाटली होती. मारली नाही, ते वेगळं.

दुकानातल्या त्या प्रसंगानंतर मात्र त्यांना भलतंच दिसायला लागलं. आपण आत आलो की जावई "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवतो. कच्च्या आराखड्यांचे फोटो काढतो. लेकीला विचारावं तर ती म्हणे, "बाबा, त्यांचं डोकं कामात असतं हो." ती नवऱ्याचीच बाजू घेणार.

जावयाला पायडलची चौकट बनवायला होडीची मधली रुंदी हवी होती. मिस्त्री रोज "सांगतो, सांगतो" म्हणून टोलवत होते. एका सकाळी त्यांनी कागदावर स्वच्छ आकडा लिहून दिला: शहाण्णव सेंटिमीटर. खरा आकडा होता एकशे दहा. तो त्यांच्या डोक्यातच होता. शहाण्णवची होडी कुणी डोकं ठिकाणावर असलेला माणूस बांधणार नाही. म्हणजे उद्या कुठे शहाण्णव दिसलं, की चोर सापडला.

बारा दिवसांनी जावई भरदुपारी पिशवी घेऊन बाहेर पडला. मिस्त्री मागोमाग निघाले. जावई सरळ कारखान्यात शिरला आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने बाहेर आला. मिस्त्रींनी पानाच्या टपरीआडून तो जाईपर्यंत वाट पाहिली, मग "जुना रंग आहे का" असं काहीतरी सांगत आत गेले. बोटींचे नमुने तपासायची काचेची लांब टाकी होती. तिच्या काठावर एक ओला लाकडी नमुना ठेवला होता. सपाट तळ, दोन पन्हळी. त्यांनी खिशातली घडीची पट्टी काढून मधोमध लावली. चोवीस सेंटिमीटर. नमुना पाव मापाचा, म्हणजे चौपट केले की शहाण्णव.

कुणाला न विचारता त्यांनी नमुना उचलला आणि घरी येऊन जेवायच्या टेबलावर आदळला.

"जावईबापू, हे काय आहे?"

जावई ताटावरून उठला. त्याने बायकोकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं.

"मामा, आज संध्याकाळी सांगणारच होतो," तो हळू म्हणाला. "तुम्ही दिलेल्या रुंदीला बोट उलटते. माणूस उंच बसणार, पायडलने डोलणार. मला हिशेब जमेना म्हणून नमुना केला, वजन ठेवून त्यांच्या टाकीत सोडला. चार वेळा सोडला, चारही वेळा पालथा."

"डॉक्टरीणबाई बुडाल्या असत्या, बाबा," लेक म्हणाली. तिने वडिलांच्या हातावर हात ठेवला. "वय झालं की होतं असं. गेल्या महिन्यात तुम्ही फळ्या चिकटवायच्या सरसाचं भांडंही शेगडीवर विसरला होता."

मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याला वेंधळा म्हातारा समजतायत. खरं सांगावं तर जावयाला चोर ठरवल्याचं कबूल करावं लागणार. त्यांनी मान खाली घातली.

"असेल चुकलं," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. त्यांनी फळीवर रेघ मारली की लेक येऊन टेप लावून बघे. जावई करवत सुरू करण्याआधी "मामा, मी करतो" म्हणे. त्यांच्याशी दोघं मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. शेवटी लेकीने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मिस्त्रींनी सगळं धडाधड सांगितलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर लेक ओठ घट्ट मिटून, डोळे पुसत बसली होती. ते बघवेना.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "आकडा मी मुद्दाम खोटा लिहिला होता. तुझ्या नवऱ्याला पकडायला."

घरी येऊन लेकीनेच जावयाला सांगितलं. मिस्त्रींना वाटलं, तो चिडेल, भांडेल. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"रबर मी कारखान्याच्या मालकाकडूनच विकत घेतलं होतं," तो म्हणाला. "फोटो हिशेबासाठी काढायचो. फोन त्यांचे, नोकरीसाठी यायचे. तीनदा नाही म्हटलं. तुमच्यासमोर कसा बोलणार?"

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही मला विचारायचं होतं, मामा."

"माझं चुकलं," मिस्त्री म्हणाले. या वेळी खरं.

होडी एकशे दहाला बांधली. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी औषधांची पेटी घेऊन बसल्या आणि हिरव्यागार गवतातून बिनबोभाट पलीकडे गेल्या. काठावरून त्यांनी हात हलवला. लेकीने टाळ्या वाजवल्या. जावयाने त्याच संध्याकाळी सांगितलं की एक तारखेपासून तो कारखान्यात कामाला जाणार.

"आता तिथे लपूनछपून जायला नको," तो म्हणाला. टोमणा होता की नुसतंच बोलणं, हे मिस्त्रींना कळलं नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दुसरी, वासरू नेता येईल अशी मोठी होडी मागितली. मिस्त्री कारखान्यात गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून जावयाला निरोप पाठवला. तो हात पुसत आला, त्याने सगळं ऐकून घेतलं.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "पण पाती मी माझ्या पद्धतीने करणार."

"करा."

तो रविवारी आला. संध्याकाळपर्यंत दोघांनी काम केलं, बोलणं कामापुरतंच झालं. पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी मिस्त्रींच्या हातून सरसाचं भांडं त्यांच्याच चपलेवर पालथं झालं आणि चप्पल जमिनीला चिकटली. ते एका पायावर उभे राहिले. जावयाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही.