डाव्या बाजूची खळी

मी डाय बोलतेय. नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका कारखान्यातली, डाव्या बाजूची. उजवी माझ्या शेजारीच असते, पण तिच्याविषयी आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. त्यामुळे बोलायचा मान माझ्याकडे आला.

डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. मला प्रेसमध्ये बसवतात, मधे सपाट पत्रा ठेवतात, माझा वरचा भाग धाडकन खाली येतो आणि गाडीच्या मागच्या चाकावरचा डावा पत्रा तयार होऊन बाहेर पडतो. गाडीचं नाव झेप. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी. स्पोर्ट्स कार असूनही साध्या नोकरदाराला परवडणारी, म्हणून तर पोरं तिच्यावर जीव टाकायची. अकरा वर्षांत मी लाखाच्या वर पत्रे दाबले. पण एक सांगते, पूर्ण गाडी मी कधी पाहिली नव्हती. माझ्याकडून निघालेला पत्रा राखाडी, उघडा आणि तेलकट. पुढे त्याला रंग कोण देतं, काचा कोण बसवतं, ते सगळं मी ऐकूनच.

माझा जन्म ओतशाळेतला, पण घडवलं मला सावळीराम फिटरने. मखमलाबादचा माणूस. घरी भाऊ झेंडू-शेवंती पिकवतो. हा आयटीआय करून अंबडला आला तो इथलाच झाला. मी आले तेव्हा अंगभर खडबडीत होते. त्याने मला महिनाभर घासलं. आधी ग्राइंडर, मग दगड, मग पॉलिश पेपर. तपासायची त्याची रीत मात्र निराळी. आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा तो खिशात बाळगायचा. तो माझ्यावर पसरायचा, डोळे मिटायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा. उघडा अंगठा लोखंडाला चिकटतो, त्याला बारीक उंचवटा समजत नाही. धुऊन धुऊन विरलेल्या कापडातून केसाएवढाही समजतो. नवी पोरं हे बघून हसायची. मग स्वतः करून बघायची आणि गप्प बसायची.

आता त्या दिवसाचं सांगते. चाचणीत पत्रा चाकाच्या वळणापाशी फाटत होता. सावळीराम तीन दिवस तिथे थोडं थोडं घासत होता. गाडी बाजारात आणायची तारीख ठरलेली, साहेब लोक तासातासाला येऊन "झालं का?" विचारत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रा फाटायचा थांबला. सावळीरामने शेवटचा हात मारायला घेतला आणि ग्राइंडर सटकला. माझ्या अंगावर वीतभर लांब ओरखडा गेला.

तो पांढराफटक पडला. नियमाने त्याने साहेबांना सांगायला हवं होतं. पण वेल्डिंग भरून पुन्हा घासायला आठवडा गेला असता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दगड घेतला आणि तो ओरखडा आजूबाजूला मिसळून टाकला. राहिला एक पुसट, उथळ खोलगा. मापाचं गेज लावलं तर पत्रा पास झाला. उजेडात धरल्यावर मात्र त्या जागी सावली जराशी वळायची. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने पहिल्यांदाच काही लपवलं होतं, आणि ते फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

गाडी बाजारात आली आणि सहा महिन्यांत गाडीवेड्या लोकांनी तो खोलगा शोधून काढला. त्याला नाव ठेवलं 'खळी'. जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाइलवरून मोठ्याने वाचायची, म्हणून मला कळायचं. खळी डाव्याच बाजूला का? कुणी म्हणे, वारा कापायला. कुणी म्हणे, फूटपाथवरून बघणाऱ्याचं लक्ष वेधायला. नाशिकच्या झेप-क्लबचा म्होरक्या संतोष, त्याने तर पाच पानं लिहिली. डिझायनरने मुद्दाम एकच खळी ठेवली, दोन असत्या तर गाडी बाहुलीसारखी दिसली असती, असं त्याचं म्हणणं. सावळीराम डबा उघडून ऐकत बसायचा. त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा.

त्यात त्याच्या मुलीने झेपच घेतली! हर्षाली बँकेत लागली, तिने जुनी पण चांगली राखलेली लाल झेप शोधली आणि क्लबातही नाव घातलं. गाडी घरी आली त्या दिवशी सावळीराम म्हणाला, "डावी बाजू भिंतीला लाव."

"का हो पप्पा?"

"येणारेजाणारे घासत्यात."

दोन वर्षं ती तशीच लावत राहिली. हे त्याने मला पुसता पुसता सांगितलं. माणसं आमच्याशी बोलतात ती उगाच नाही, आम्ही कुठे सांगायला जात नाही. म्हणजे आजवर गेलो नव्हतो.

यंदा नवी झेप जाहीर झाली. तिची चित्रं आली आणि पोरांची जेवणं लांबायला लागली. दिवे अरुंद केलेत, ते सगळ्यांना आवडले. डिकीत आता खरोखर दोन बॅगा मावतील, हेही बरं झालं. पण नाक फार मोठं केलंय, समोरून लग्नात रुसलेल्या मेव्हण्यासारखी दिसते, असं एकाचं मत. आत एवढा थोरला पडदा बसवलाय, गाडी चालवायची की मालिका बघायची, असं दुसऱ्याचं. एका गोष्टीवर मात्र सगळे एक झाले. खळी गेली होती. दोन्ही बाजू सारख्या, गुळगुळीत. मला विचाराल तर नवी वाईट नाही. तिची डाय माझ्यासमोरच ठेवलेली होती आणि तिला घासत होता सावळीरामच. निवृत्ती तोंडावर आली होती, हे त्याचं शेवटचं काम.

खळी परत द्या, असं निवेदन क्लबाने कंपनीला दिलं. कंपनीने त्यांना जुन्या झेपचा शेवटचा पत्रा बघायला बोलावलं. दहा-बारा जण आले, हेल्मेट घालून, लग्नाला आल्यासारखे नटून. हर्षालीही आली. संतोषच्या हातात शाल आणि नारळ होता.

मी शेवटचा पत्रा दाबला. तो दाराच्या उजेडात धरला तेव्हा सगळे एकदम पुढे सरकले.

"मॅडम, ज्यांनी ही खळी घडवली त्यांचा आम्हाला सत्कार करायचाय," संतोष म्हणाला. "तुम्ही फक्त नाव सांगा."

पूजा मॅडम आमच्या टूलरूमच्या, म्हणजे डाय-विभागाच्या, इंजिनिअर. त्या म्हणाल्या, "तेच मी महिनाभर शोधतेय. एकूण एक ड्रॉइंग काढून पाहिलं. खळी कुठेच नाही."

"नाही म्हणजे? मग आली कुठून?"

"ओतशाळेचा दोष असणार. वरून विचारणा झालीय, मी तसाच रिपोर्ट देणार आहे."

सावळीराम नव्या डायपाशी उभा होता. त्याने गप्प राहायचं होतं, बस. ती ओतशाळा कधीच बंद पडलेली, तिला काही फरक पडणार नव्हता. एकोणीस दिवसांनी, निवृत्तीच्या दिवशी, त्याला हार-तुरे मिळणार होते, स्वच्छ नोकरी केली म्हणून साहेब चार शब्द बोलणार होते. आणि समोर त्याची लेक उभी होती. मी चार टनांची, पण त्या क्षणी मला माझंच वजन पेलवेना.

"मॅडम, वतणारांची काय चूक नाय," तो म्हणाला. "माझा हात सटकला व्हता. मीच घासून बुजवलं. अकरा वर्सं कोनाला सांगितलं नाय."



"म्हणजे फॉल्ट?" संतोष म्हणाला. "अहो, मी पाच पानं लिहिली त्याच्यावर!" कुणीतरी हसलं. संतोष हसला नाही. त्याने शालीची घडी पुन्हा पिशवीत घातली.

हर्षाली पत्र्यापाशी गेली. वडिलांच्या खिशातून डोकावणारा तो लुगड्याचा तुकडा तिने ओढून घेतला, पत्र्यावर पसरला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्याच्यासारखाच, सावकाश.

"पप्पा, म्हणून भिंतीला?"

"हं."

"लाज वाटायची?"

"तू लय कौतुकानं सांगायची ना, तव्हा जास्तच."

तिचे डोळे भरून आले. "मी या खळीसाठीच ही गाडी घेतली होती हो," ती म्हणाली. "तुमची आहे हे आधी सांगितलं असतं तर!"

पूजा मॅडमनी माझ्या अंगावरची ती जागा वाकून पाहिली. मग म्हणाल्या, "काका, तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही."

"व्हय, चुकलं."

"रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिवा मॅडम. नाव नीट लिवा."

त्या हसल्या. नव्या डायकडे बघत म्हणाल्या, "हिच्यात घालाल का खळी? परवानगी मी आणते."

सावळीरामने विचार केला. "तव्हा हात सटकला व्हता. आता मुद्दाम कसा सटकवू?" आणि दगड उचलून तो नवीला घासायला लागला.

नारळ टेबलावर तसाच राहिला होता. पोरांनी तो माझ्याच कडेवर फोडला. पहिला तुकडा सावळीरामला दिला, पाणी माझ्यावर सांडलं. तीन दिवसांनी संतोषने क्लबच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली, 'खळी सावळीराम काकांची आहे.' तिच्याखाली दोनशे जण भांडले. निम्मे म्हणे आम्हाला फसवलं, निम्मे म्हणे आता तर गाडी विकायचीच नाही.

दुरुस्तीला लागतील म्हणून जास्तीचे पत्रे आधीच दाबून ठेवले आहेत. माझं काम संपलं. आज मला ट्रेलरवर चढवलं, वितळवायला नेतायत. गेटपाशी ट्रेलर थांबलाय, पासवर सही व्हायची आहे. पहिली पाळी सुटलीय, ऊन कललंय.

समोर चहाच्या टपरीपाशी एक लाल गाडी उभी आहे. उलट्या तोंडाने लावलीय, डावी बाजू रस्त्याकडे करून. वॉचमन सरळ लाव म्हणून ओरडतोय, पोरगी ऐकत नाही. लुगड्याच्या तुकड्याने मागच्या चाकावरचा पत्रा पुसत बसलीय. मला आधी कळलंच नाही. मग ते वळण ओळखीचं वाटलं, आणि त्याच्यावर उन्हातली सावली जराशी वळलेली दिसली.

सावळीराम डब्याची पिशवी घेऊन बाहेर आला. ट्रेलरपाशी थांबला. कापड लेकीकडे होतं, म्हणून उघडा अंगठाच त्याने माझ्यावर टेकवला. मग रस्ता ओलांडून गाडीकडे गेला.

तुम्हाला कुठे जुनी झेप दिसली तर डाव्या अंगाने जा. मालकाला विचारा आणि अंगठा फिरवून बघा, जमलं तर विरलेल्या सुती कापडातून. तिथे एका माणसाचा हात सापडेल.

सही झाली वाटतं, ट्रेलर हलला. अकरा वर्षांनी मी माझी गाडी पाहिली. चांगली दिसते हो.