कुणालीची बिनपिशवीची तयारी

गणूआबाला रेश्मा पुरती ओळखून होती. कुणाच्या लग्नात तो रुसला, कुणाच्या कोंबड्यावर विरघळला, सगळं तिच्या डोक्यात नीट जमा होतं. त्यामुळे यंदा गावदेवाचा पाळ शुक्रवारपासून धरलाय असं कानावर आलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

पाळ म्हणजे भात झोडून झालं की गावाने देवासाठी हात आखडायचे. गाडी जुंपायची नाही आणि डोक्यावर, खांद्यावर, हातात ओझं घेऊन कुणी वेस ओलांडायची नाही. ओझ्याबरोबर गावाची बरकत बाहेर जाते म्हणे. दिवस ठरवायचा मान गणूआबाचा. दरवर्षी तो मंगळवार धरायचा. यंदा शुक्रवार, कारण शुक्रवारी रेश्मा-शेखरची पोर कुणाली खर्डीला ख्रिस्ती कॅम्पला निघणार, ही बातमी त्याला पिठाच्या गिरणीवर मिळाली होती.

रेश्माचं माहेर ख्रिस्ती. लग्नाआधीच तिने शेखरला सांगितलं होतं, माझी प्रार्थना माझ्याबरोबर येईल, आणि तो हो म्हणाला होता. गाव काही हो म्हणालं नव्हतं. पण नाताळात तिने वाटलेला केक कुणी परतही केला नव्हता. मागच्या वर्षी मात्र कॅम्पचं नाव निघताच "पोर हातची जाईल" अशी कुजबूज झाली, शेखर ढेपाळला आणि कुणाली घरीच राहिली. यंदा तिथल्या नाटकात तिला मेंढपाळ केलं होतं. आपलं बोलणं ती शेळ्यांनासुद्धा म्हणून दाखवत होती.

"पुढच्या वर्षी जाईल गो," शेखर दारात उभा राहून म्हणाला. "पिशवी घेऊन वेशीवर गेली की तमाशा होनार."

"पिशवी कोन नेतंय?"

रेश्माने कुणालीला समोर उभं केलं. आधी रात्रीचा सदरा, त्यावर शनिवारचा ड्रेस, त्यावर रविवारच्या प्रार्थनेचा निळा फ्रॉक. खाली दोन लेगिंग. वरून स्वेटर. टॉवेल कमरेला गुंडाळला, साबण मोज्यात सरकवला, दात घासायचा ब्रश वेणीत खोचला. तेलाच्या बाटलीला कुठे जागा होईना, तेव्हा सगळ्या मुक्कामाचं तेल तिने आत्ताच पोरीच्या डोक्यावर थापलं. लहानसं बायबल स्वेटरच्या आत, पोटाशी. सगळ्यावरून चादर, शालीसारखी.

"आई, मला वाकता येत नाय."

"वाकायचंच नाय."

शेखरला हसू आवरेना. "ढोल दिसतेय पोर," म्हणाला, आणि पायांत चपला सरकवून तोही मागे निघाला.

वेशीवरच्या चिंचेखाली गणूआबा माणसं जमवूनच बसला होता. पलीकडे डांबरी रस्त्यावर कॅम्पची जीप उभी. ऊन चांगलंच चढलेलं.

"काय गो रेश्मा, पोरीला सजवलीस काय?"

"थंडीचे दिवस हायत, आबा."

गणूआबा कच्चा नव्हता. त्याने रेश्माला सोडलं आणि पोरीला धरलं. "कुनाले, तुमच्यात खोटं बोलत नाय ना? मग सांग. थंडी वाजते तुला?"

रेश्माने एवढा विचार केला, पण हा प्रश्न काही तिने धरला नव्हता. आणि पोरीला खोटं बोल असं डोळ्यांनी सांगायचंही तिच्या जिवावर आलं.

कुणालीच्या कपाळावरून तेल आणि घाम एकत्रच ओघळत होते. "नाय, आबा," ती म्हणाली. "लय उकडतंय."

माणसं फिसकन हसली. गणूआबाने मिशीवर हात फिरवला. "मंग?"

"पिशवी न्यायची नाय ना, म्हनून घातलंय सगलं. ओझं नाय नेत मी. मला जायचंय."

मग पलीकडच्या दगडावरून धोंडूबाईचा आवाज आला. गणूआबाला नागडा खेळताना पाहिलेली गावात तेवढी एकच उरली होती. "अंगावरच्या कपड्याला ओझं म्हनतोस काय रे गणू? मंग मी उद्या दवाखान्यात कशी जाऊ, लुगडं सोडून?"

आता हशा थांबेना. गणूआबाने नाक फुरफुरवलं आणि पाय आखडून वाट दिली. "जा. पन परत येताना वाजत-गाजत नको."

"येताना आमी पिशवी घेऊन येऊ," रेश्मा म्हणाली. "आत यायला देवाची बंदी नाय."

कुणालीने वेस ओलांडली. जीपजवळ पोहोचताच रेश्माने तिच्या स्वेटरला हात घातला. "काढ आता, भिजलीस पार."

पोरीने मागे वळून चिंचेकडे पाहिलं. सगळे अजून तिच्याकडेच बघत होते.

"नको," ती म्हणाली, आणि चादर आणखी घट्ट गुंडाळून, कुणाचा हात न धरता, डुलत डुलत जीपमध्ये चढली.