नवव्या पॅचचं शेवटचं वाक्य

घरात ती धाकटी. थोरली जाऊ परगावी जाऊन बारा वर्षं झाली, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही. कामात मात्र ती सुई. हे नाव तिच्याबरोबर काम करणाऱ्या पैलवानाने ठेवलं होतं, चिडवायला. तिने ते हौसेने मिरवलं.

ती ज्या प्रोग्रामचं काम करायची, त्याला देवाने एकच काम नेमून दिलं होतं म्हणा ना: आठवण ठेवणं. कोड लिहिणारी माणसं रोज ओळी बदलतात. कोणती ओळ कोणी बदलली, कधी बदलली आणि का बदलली, याची नोंद हा प्रोग्राम ठेवतो. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला वाटेल त्याने उघडून बघावा, सुधारणा पाठवावी; चार जाणती माणसं ती तपासतात आणि पसंत पडली तर घेतात. अशा एकेका सुधारणेला पॅच म्हणतात. सुईने अडीच वर्षांत तीनशेच्या वर पॅच पाठवले होते, आणि त्यातल्या एकानेही प्रोग्रामला नवं काही शिकवलं नव्हतं. ती नुसती आवरत होती.

आवरायचं काय, तर एक कपाट. म्हणजे खरं कपाट नव्हे, पण सगळे त्याला कपाटच म्हणत. प्रोग्राम लहान होता तेव्हा कुणीतरी त्याच्या मधोमध एक सामाईक जागा करून ठेवली. आपण आत्ता कोणत्या रेपोत काम करतोय ते तिथे ठेवायचं, आणि ज्याला लागेल त्याने तिथे हात घालायचा. रेपो म्हणजे एका कामाच्या सगळ्या फाइली आणि त्यांचा सगळा इतिहास. एका वेळी एकच रेपो असायचा तोवर सगळं सुरळीत चाललं. पुढे लोक एका रेपोच्या पोटात दुसरा रेपो ठेवायला लागले, आणि कपाटात कोणत्या घडीला कुणाचं सामान असेल याचा भरवसा उरला नाही. तेव्हा सुईने कंबर कसली. कोडच्या प्रत्येक भागाला त्याचा त्याचा रेपो हातात द्यायचा, कुणाला कपाटाकडे धाडायचं नाही. एका वेळी एक फाइल, एका फाइलचा एक पॅच. प्रत्येक पॅचच्या चिठ्ठीत काय केलं, का केलं ते लिहायचं, आणि शेवटी एक वाक्य: वागणुकीत फरक नाही.

ते तिचं ध्रुवपद होतं. मधली कडवी बदलत, पण फिरून फिरून ती तिथेच येई.

आता शेवटचे चौदा पॅच उरले होते, आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती, म्हणजे रिलीज, जवळ आली होती. चौदाव्याने कपाटच काढून टाकायचं होतं. ज्या कचेरीत ती नोकरीला होती, तिथल्या साहेबांनी अर्धा दिवस या कामासाठी दिला होता. पण गेल्या महिन्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं, "या रिलीजमध्ये गेलं तर गेलं. नाही गेलं तर रिलीजनंतरच्या सोमवारपासून पूर्ण वेळ इकडे. अडीच वर्षं थांबलो, शेवटी मलाही वरच्यांना तोंड द्यायचं असतं." साहेबांचंही चूक नव्हतं. पण तिने हात काढला की ते काम कुणी पुढे नेणार नव्हतं, आणि कपाट पुन्हा दहा वर्षं तिथेच बसणार होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी वेगळाच देखावा. सासरे, म्हणजे अण्णा, तीस वर्षं गोदामप्रमुख होते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर माळ्याकडे गेली, आणि एका सकाळी त्यांनी माळ्यावरचं यच्चयावत सामान खाली काढलं. त्याला आता तीन आठवडे होत आले होते. बैठकीच्या खोलीत खोके, सुटकेसी, पंख्याची पाती, पाळण्याच्या दांड्या. धाकटीचा नवरा एका ट्रंकेवर बसून चहा प्यायचा आणि दुसऱ्या ट्रंकेवर कप ठेवायचा.

"अण्णा, एकेक खोका घेऊ या का?" धाकटीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "उघडायचा, लावायचा, परत वर. मग दुसरा."

"तुझ्या त्या पॅचसारखं?"

"हो."

"अगं, आम्ही वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवायचो, सगळा माल बाहेर काढायचो, आणि एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायचो."

"गोदाम बंद ठेवता येतं, अण्णा. घर कसं बंद ठेवणार?"

"तू ऐकवायला लागलीस की मी बहिरा होतो," असं म्हणून अण्णांनी पंख्याचं एक पातं उचललं आणि जिथून उचललं तिथेच ठेवलं.

सोमवारी रिलीजच्या आधीची चाचणीची प्रत बाहेर पडली. सुईचे चौदाही पॅच तिच्यात होते. बुधवारी सकाळी एका वेधशाळेतल्या माणसाचं पत्र आलं. दुर्बीण चालवणारा सगळा कोड तो या प्रोग्राममध्ये ठेवायचा, आणि त्याच्या रेपोच्या पोटात आणखी एक रेपो होता. त्याने लिहिलं होतं: 'फाइलींची यादी मागितली की बाहेरच्या रेपोची बरोबर येते, आतल्याची रिकामी येते. फाइली जागेवर आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्या. जुन्या प्रतीत असं होत नव्हतं.'

सुईने आपल्या चौदा पॅचची यादी उघडली.

बुधवारी दुपारी सगळ्यांची ठरलेली बैठक असे, ज्याच्या त्याच्या पडद्यासमोर. कारभारी मधे. कोणता पॅच घ्यायचा आणि कोणता नाही, हा शेवटचा शब्द त्याचा, म्हणून तो कारभारी. गडी मितभाषी, पण डोळा घारीचा. याच चौदा पॅचचा गठ्ठा त्याने दोन वेळा परत पाठवला होता, का, तर पाचवा पॅच लावून तिथेच थांबलं तर प्रोग्राम बांधलाच जात नाही, म्हणजे चालण्याजोगा तयारच होत नाही. "सहाव्यात ते होतंय की सगळं नीट," सुई तेव्हा कुरकुरली होती. कारभारी म्हणाला होता, "पाचव्यावर मुक्काम करायची वेळ आली तर? प्रत्येक पायरीवर माणसाला उभं राहता आलं पाहिजे." तिने दातओठ खात आठवडाभर पायऱ्या घडवल्या होत्या.

पैलवानाने तोंड उघडलं. मनाने निर्मळ माणूस, पण घाव एकच घालायचा आणि तो मोठा, ही त्याची रीत. "सुई, अडीच वर्षं टाके घालतेयस. मी आठवड्यात नवा सदरा शिवून देतो. चौदाही काढून टाका, मी तो भाग मुळापासून लिहितो."

"सदरा लोकांच्या अंगात आहे, पैलवान. घालून कामावर गेलेत. तो अंगातच शिवायचाय."

"आता टाका अंगात टोचला की."

"टोचला. कुठला टाका ते शोधते."

"चौदातला कुठलाही असेल. की चौदाही?"

"एकच असेल," ती म्हणाली, आणि आपला आवाज ठाम निघाला याचं तिला स्वतःलाच बरं वाटलं.

कारभाऱ्याने चष्मा काढून पुसला. "शुक्रवारी दुपारी बारा. कारण सापडलं आणि दुरुस्ती आली तर चांगलंच. नाही तर चौदाही मागे. वेधशाळेतला माणूस ताटकळत राहता कामा नये."

गुरुवारी सकाळी धाकटीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बस्तान मांडलं, कारण बैठकीच्या खोलीत लॅपटॉप ठेवायला ट्रंकसुद्धा मोकळी नव्हती. आधी तिने वेधशाळेतल्यासारखाच एक रेपो तयार केला, त्याच्या पोटात दुसरा ठेवला आणि यादी मागितली. आतली यादी रिकामी. रोग घरी आणता आला म्हणजे निम्मं काम झालं.

पुढचं सरळ होतं. सगळे चौदा पॅच लावले की बिघडतं, एकही नसताना ठीक असतं. मग मधोमध जाऊन उभं राहायचं. सातव्यापर्यंतचे लावले, प्रोग्राम बांधला, यादी मागितली. यादी आली. म्हणजे पहिले सात निर्दोष. अकरापर्यंतचे लावले. यादी रिकामी. म्हणजे आठ ते अकरामध्ये. नववा लावून पाहिला. रिकामी. आता आठवा की नववा एवढंच उरलं. आठव्यावर येऊन उभी राहिली, आणि तिथे यादी घसघशीत भरलेली आली.

नववा. चार फेऱ्यांत, चहा निवायच्या आत. दर पायरीवर प्रोग्राम मुकाट उभा राहिला होता, एकदाही कोसळला नव्हता. दोनदा परत आलेला गठ्ठा तिला आठवला, आणि मनातल्या मनात तिने कारभाऱ्याला हात जोडले.

नववा पॅच तिने उघडला. एवढासा होता, वीसेक ओळींचा. कपाटाऐवजी रेपो हातात देण्याची हलवाहलव बिनचूक होती. पण खाली एक ओळ पुसलेली दिसली. त्या ओळीत कोड विचारत होता: या रेपोची यादी वाचून झाली का? नसेल तर वाच. हाच प्रश्न, याच शब्दांत, चार ओळी वर एकदा विचारून झाला होता. एकच प्रश्न दोनदा कशाला, म्हणून जाता जाता तिने दुसरा काढून टाकला होता. तिला तो क्षण लख्ख आठवला. केर काढताना दिसलेला दोरा उचलावा तसा तिने तो उचलला होता.

आणि त्या दोन प्रश्नांच्या मधे एक ओळ होती, जिथे कोड बाहेरच्या रेपोतून आतल्या रेपोत शिरायचा. पहिला प्रश्न बाहेरच्याला होता, दुसरा आतल्याला. शब्द तेच, पण माणूस बदललेला. दुसरा प्रश्न गेला, म्हणून आतली यादी कुणी वाचलीच नाही.

चिठ्ठीच्या तळाशी तिचंच वाक्य होतं: वागणुकीत फरक नाही.

तिचे कान गरम झाले. प्रोग्राममध्ये चूक होणं निराळं. पण हे वाक्य तीनशे वेळा लिहून लिहून तिच्या बोटांत इतकं बसलं होतं, की ते खरं आहे का हे नवव्या पॅचच्या वेळी तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. आणि तपासणाऱ्यांनी त्या वाक्यावर विसंबून पुसलेल्या ओळीवरून नजर पुढे नेली होती.

एक वाट अशी होती, की 'लहानशी दुरुस्ती' म्हणून ती ओळ गुपचूप परत घालायची. कुणी हटकलं नसतं. ही वाट तिला दिसली, नाही असं नाही. पण ज्या प्रोग्रामचा धर्मच आठवण ठेवणं, त्याच्यापाशी लपवाछपवी करायची म्हणजे देवापुढे डोळे मिटून आपण कुणाला दिसत नाही असं समजायचं. तिने सरळ लिहायला घेतलं.

'दोष नवव्या पॅचचा आहे आणि तो माझा आहे. त्या चिठ्ठीचं शेवटचं वाक्य खोटं होतं. हलवाहलवीच्या आड मी एक ओळ काढली आणि ते सांगितलं नाही. आता नवव्यात फक्त हलवाहलव आहे. काढलेली ओळ परत आली आहे, आणि ती का लागते ते तिच्या डोक्यावर लिहिलं आहे. रेपोच्या पोटात रेपो असताना यादी बरोबर येते का, याची टेस्ट सोबत जोडली आहे. बाकीच्या तेरांना हात लावलेला नाही. तीनशे चिठ्ठ्यांतलं ते वाक्य आता मी पुन्हा वाचायला घेतलं आहे. आत्तापर्यंत चाळीस तपासल्या, चाळीसही खऱ्या आहेत.'

गुरुवारी दुपारी चारला तिने ते पाठवलं आणि उठून भांडी घासली. भांडी स्वच्छच होती.

शुक्रवारी सकाळी वेधशाळेतल्या माणसाचं उत्तर आलं: 'दोन्ही याद्या आल्या. आभार. एका दिवसात सापडेल असं वाटलं नव्हतं.' त्याच्या मागोमाग पैलवानाचा फोन.

"सुई, मी माझा कोड लिहून पाहिला."

"एका रात्रीत?"

"एका सकाळीत, तेवढाच भाग. काल, तुझी चिठ्ठी यायच्या आधी. मलाही ते दोन प्रश्न दिसले."

"मग?"

"मीही दुसरा काढला," पैलवान म्हणाला. "आणि पुऱ्या सहा हजार ओळी झाल्यावर त्यांत तो शोधायला मला पुढची दिवाळी उजाडली असती. लाव तुझे टाके."

साडेअकराला कारभाऱ्याची दोन ओळींची चिठ्ठी सगळ्यांना गेली. 'चौदाही घेतले. चिठ्ठीत चूक कबूल कशी करावी हे नव्या माणसांनी नवव्या पॅचमध्ये पाहावं.' सुईने दुसरी ओळ दोनदा वाचली. मग चौदावा पॅच उघडून पाहिला. चारच ओळी, चारही पुसणाऱ्या. कपाट गेलं होतं, आणि प्रोग्राम जसा काल चालत होता तसाच आजही चालत होता. अडीच वर्षांच्या कष्टांचं फळ म्हणजे कुणालाही काही न कळणं. तिच्या जिवाला असं काही गार वाटलं की ती उघड्या खिडकीशी जाऊन नुसती उभी राहिली.

साहेबांना तिने कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं. आमच्याकडेही एक कपाट आहे, सोमवारी दाखवतो."

बैठकीच्या खोलीत आली तर एक कोपरा रिकामा. अण्णा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, हातात एकच खोका.

"माझ्याकडे बघू नकोस," अण्णा म्हणाले. "गुडघा दुखतो म्हणून एकेक नेतोय. तुझं ऐकलं म्हणून नव्हे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"हा पाचवा. प्रत्येकावर चिठ्ठी लावलीय. वाच."

खोक्यावर गोदामातल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: मांडणी बदलली, सामान तेच.

धाकटीने ते नीट वाचलं. मग विचारलं, "यातलं काहीच टाकलं नाही ना, अण्णा?"

अण्णांनी हातातला खोका वरच्या पायरीवर टेकवला. "एक छत्री. तिच्या काड्या मोडल्या होत्या."

"मग ही चिठ्ठी खोटी."

"अगं, मोडकी छत्री."

"ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहा," धाकटी म्हणाली, आणि ट्रंकेवरचा पेन उचलून तिने त्यांच्या हातात दिला.